वॉटर पार्कला जायचंय? आधी कोरडा माणूस ठरवा

मे महिना लागला की आमच्या घरात माणसं मावत नाहीत. दोन्ही नणंदा माहेरी येतात, धाकट्या दिरांची पुण्याची मंडळी येते, आणि घरची-बाहेरची मिळून अकरा लेकरं एका कूलरसमोर आडवी होतात. पहिले चार दिवस आंबे, पत्ते आणि भांडणं यांत निघतात. पाचव्या दिवशी एखादा भाचा मोबाइलमध्ये घसरगुंडीवरून सुसाट येणारी माणसं दाखवतो, आणि मग घरात दुसरा विषय उरत नाही.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडचं. मी अंगणवाडी सेविका आणि या घरची मोठी सून. गेल्या सहा उन्हाळ्यांत चार वेळा हा सगळा लवाजमा मी नागपूरकडच्या वॉटर पार्कात नेऊन आणला. पहिली खेप इतकी फसली की परतताना गाडीत कोणी कोणाशी बोलत नव्हतं. तेव्हापासून एक वही ठेवली. आता गावात कोणी जायचं काढलं की ती वही मागायला येतं. पानं सुटायला लागली, म्हणून इथं लिहून टाकते.

कोरडा माणूस

तिकीट, गाडी, डबा हे सगळं नंतर. आधी घरात बसून कोरडा माणूस ठरवायचा. म्हणजे काय, तर त्या अर्ध्या तासात जो पाण्यात उतरणार नाही असा घरचा एक मोठा माणूस. काठावर उभा, हातात मोबाइल नाही, तोंडात वडापाव नाही. काम एकच: लेकरं मोजत राहायचं.

पहिल्या खेपेला आमचे सगळेच पाण्यात होते. पैसे भरले होते ना. वेव्ह पूलमध्ये भोंगा वाजला, लाटा सुरू झाल्या, सगळीकडे आरडाओरडा, हसणं. धाकट्या नणंदेचा आठ वर्षांचा मुलगा माझ्यापासून चार हातांवर होता. पाणी त्याच्या छातीपर्यंतच होतं, पण लाट आली की तेच पाणी डोक्यावरून जातं आणि तळावरून पाय सुटतात. तो ओरडला नाही. हात वर करून हलवले नाहीत. मान मागे, तोंड पाण्याच्या बरोबरीला, डोळे टक्क उघडे, आणि दोन्ही हातांनी पाणी खाली दाबतोय. मला वाटलं, खेळतोय. मी त्याच्याकडे बघून हसलेसुद्धा. पलीकडच्या एका अनोळखी बाईनं त्याला दंडाला धरून वर उचललं.

बुडणारं माणूस 'वाचवा, वाचवा' करतं हे सिनेमात. खरं बुडणारं लेकरू श्वासासाठी इतकं झटत असतं की आवाज काढायला श्वासच उरत नाही, आणि वीस सेकंदांपासून मिनिटभरात ते पाण्याखाली जातं. लाइफगार्ड असतो, पण त्याच्यासमोर दोनशे डोकी असतात आणि त्यातलं तुमचं कोणतं हे त्याला ठाऊक नसतं.

म्हणून पाळ्या लावा. अर्ध्या तासाहून जास्त नको. एकटक बघून डोळा शिणतो आणि माणूस बघत असतो पण त्याला दिसत नसतं. पाळी बदलताना नुसतं 'आता तू बघ' म्हणून निघून जायचं नाही. दोघांनी मिळून लेकरं मोजायची, आकडा तोंडानं बोलायचा, मग पहिल्यानं हलायचं. आणि ही पाळी फक्त बायांची नाही. आमच्या घरच्यांचं पहिलं वाक्य होतं, "पैसे भरून काठावर उभं राहाले नेतं का मले?" मी म्हटलं, रात्रभर पिकाला पाणी द्यायला ओलितावर उभे राहता तेव्हा काय पैसे मिळतात का? उभे राहिले.

पाच वर्षांच्या आतल्या लेकराचा हिशेब वेगळा. त्याच्यासोबत पाण्यात एक मोठं माणूस हवंच, हात पुढे केला की लेकराला लागेल इतक्या जवळ. काठावरचा कोरडा माणूस त्याच्यासाठी पुरत नाही. हवा भरायचे दंडावरचे फुगे बाजारात मिळतात, त्यांच्या भरवशावर कोणाला सोडू नका. ते निसटतात, त्यातली हवा जाते, आणि आईला उगाच धीर येतो.

मोजायला सोपं जावं म्हणून मी सगळ्या लेकरांना एकाच पोपटी रंगाच्या नायलॉनच्या टोप्या घेतल्या. डोक्यांच्या गर्दीत अकरा पोपटी ठिपके लगेच सापडतात. टोपी नसेल तर एकसारखे भडक टी-शर्ट चालतात. निळा रंग मात्र नको, पाण्यात निळा दिसतच नाही.

आमच्या आत्याबाईंची, म्हणजे सासूबाईंची, गोष्ट इथंच सांगते. वय अडुसष्ट, नऊवारीशिवाय दुसरं नेसल्या नाहीत. सुती लुगड्यावर पाण्यात सोडत नाहीत हे ऐकून दारातच रुसल्या. मी त्यांना झाडाखाली खुर्ची दिली आणि म्हटलं, लेकरं मोजा. त्यांनी गोठ्यातली ढोरं मोजावी तशी दिवसभर पोरं मोजली, मोठ्यानं, नावानिशी. एक टोपी दिसेनाशी झाली की "कुठी गेला वं तो?" अशी हाक साऱ्या पार्कात जायची. आता दर खेपेला त्या येतात. फक्त म्हाताऱ्या माणसावर एकट्यावर ही जबाबदारी टाकू नका. त्यांना उडी मारता येत नाही, आणि उन्हात त्यांनाच आधी त्रास होतो.

विहिरीत पोहणारी पोरं

खेड्यातल्या पोरांबद्दल एक वेगळी धास्ती असते. आमची चौदा-पंधरा वर्षांची पोरं विहिरीत पोहायला शिकलेली. काठावरून डोकं खाली करून सूर मारायची सवय. विहिरीत खाली वीस-तीस फूट पाणी असतं. पार्कातल्या तळ्यात तीन-चार फूट. तिथं सूर मारला तर डोकं थेट फरशीवर आपटतं आणि मान मोडते. पोहता येत नाही त्याची मला भीती कमी वाटते, तो काठ सोडत नाही. जास्त येतं त्यालाच गाडीत बसायच्या आधी समोर उभं करून सांगा: उडी पायानं, आणि तीही जिथं मुभा असेल तिथंच.

घसरगुंडीवर पाठीवर झोपायचं, पाय पुढे, घोटे एकावर एक, हात छातीवर घडी. हात बाहेर काढले की कडेला घासून सालटी निघते. पुढचा माणूस खालच्या तळ्यातून बाहेर पडल्याशिवाय बसायचं नाही, आणि आपण खाली पोचलो की तिथंच उभं राहून केस सारखे करायचे नाहीत. मागचा येऊन पाठीत लाथ बसते. तीन-चार जणांनी एकमेकांना धरून आगगाडी करायची हौस पोरांना फार. त्यात वरचा खालच्याच्या मानेवर येतो.

कंबरदुखीचे, हृदयविकाराचे, फिट येणारे आणि दोन जिवांची बाई यांनी मोठ्या घसरगुंड्यांकडे नुसतं बघायचं, बसायचं नाही. माझ्या धाकट्या जाऊबाईंनी चौथ्या महिन्यात हट्ट धरला होता. त्यांना पायऱ्यांवर पाय सोडून बसवलं, त्यांचा तो सगळा दिवस माझ्याशी अबोला. चालतं.

आणि वाईट वेळ आलीच, तर पाण्यातून काढलेल्या लेकराचं पोट दाबू नका, उलटं टांगू नका. पाणी काढायचं म्हणून गावात हेच करतात, त्यात वेळ जातो आणि पोटातलं वर येऊन श्वासनळीत जातं. लाइफगार्डला हाक, 108 ला फोन, आणि श्वास चालू नसेल तर लगेच तोंडानं श्वास व छातीवर दाब. हे एका माणसाला तरी आधी शिकून ठेवायला सांगा. आपल्या आरोग्य केंद्रात विचारलं तर दाखवतात.

तारीख कशी काढायची

लोक फक्त सुट्टी बघून तारीख काढतात. आमच्याकडे त्याआधी पंचांग उघडावं लागतं. लग्नाची तिथी दाट असली की तालुक्यात तुफान गाडी मिळत नाही, मिळाली तर भाडं ऐकवत नाही, आणि ड्रायव्हर आदल्या रात्री वरातीत जागलेला असतो.

मग शेती. 7 जूनला मृग लागतो, त्याआधी वखरणी, बी, खत, आणि कपाशीची धूळपेरणी, म्हणजे पावसाआधीच कोरड्यात पेरणी, करणारे तर आणखी आधी अडकतात. आमच्या संत्र्याला आम्ही मृग बहार धरतो, त्यामुळे मेमध्ये झाडांना ताण दिलेला असतो, ओलित बंद असतं. त्या दिवसांत बाप्ये मोकळे सापडतात. भाजीपाला किंवा उन्हाळी भुईमूग असेल तर शेतीच्या लाइनीची, म्हणजे विजेची, पाळी बघा. रात्रीच्या लाइनीचा आठवडा असेल तर पहाटेपर्यंत पाण्यावर असलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगवर बसवू नका. घरची गाडी असेल तरी नाही.

चौथी गोष्ट कोणी वहीत लिहीत नाही, मी लिहिते: मुलींच्या आणि बायांच्या पाळीच्या तारखा. मोठ्या नणंदेची मुलगी एकदा दिवसभर चेंजिंग रूमच्या बाहेरच्या बाकावर बसून होती आणि कोणाला कारण सांगता येत नव्हतं. पॅड पाण्यात फुगतो, त्याचा उपयोग होत नाही. ज्यांना कप वापरायची सवय आहे त्या जाऊ शकतात, बाकीच्यांसाठी तारीख दोन-चार दिवस मागेपुढे करणं सगळ्यांत सोपं. गुपचूप विचारायचं, आणि तारीख बदलल्याचं कारण घरात गाडीवर ढकलायचं.

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, 25 मेच्या आसपास सुरू होतो. त्या नऊ दिवसांत मी नेत नाही, कोणी कितीही म्हणो. पाण्यात असलो तरी डोक्यावर ऊन तेच असतं, आणि जायला-यायला दोन-अडीच तासांचा रस्ता आहे. माझा हिशेब मे महिन्याचा पहिला पंधरवडा, मंगळवार ते गुरुवार. शनिवार-रविवार अख्खं नागपूर तिथं असतं. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, पण पुण्याच्या मंडळींच्या शाळा जूनच्या मध्यावर. पाहुणे निघून गेल्यावर जायचं तर घरात महाभारत होतं.

आणि ढोरं. घरचे सगळे गेले तर दुपारचं पाणी कोण पाजणार? आमचे मामाजी, म्हणजे सासरे, दर खेपेला स्वतःहून थांबतात. "मले बोरींगखाली बसलो की झालं," म्हणतात. त्यांच्यासाठी मी पहाटेच भाकरी करून ठेवते.

फोन करून काय विचारायचं

जाहिरातीतला दर हा सगळा खर्च नसतो. आमच्या वहीप्रमाणे तिकिटांचे जितके होतात, त्याच्या निम्म्याहून जास्त बाकीचे होतात: गाडी, टोल, पार्किंग, कॉस्च्युम, लॉकर, ट्यूब आणि आतलं खाणं. म्हणून आदल्या आठवड्यात फोन करायचा आणि उत्तरं लिहून घ्यायची. लेकराचं अर्धं तिकीट वयावर की उंचीवर? लॉकरची अनामत रोख की मोबाइलवर? स्वतःचे कपडे चालतात का, कोणते? बाहेरचं खाणं आत नेऊ देता का? नसेल, तर हातावर शिक्का मारून गाडीकडे जेवायला जाऊ देता का? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, तो कोणी विचारत नाही.

ग्रुपची सवलत किती माणसांवर, हे विचारलं तर 'वीस' सांगतात. आम्ही एकदा एकवीस जण मोजून गेलो. दारात कळलं की वीस म्हणजे पूर्ण तिकिटाचे वीस, छोटी लेकरं त्यात धरत नाहीत. पंधरा मिनिटं वाद घातला, काही झालं नाही, आणि तोवर रांग आमच्या पुढे निघून गेली. त्याच ठिकाणी लॉकरची अनामत फक्त रोख, आणि आमच्या सगळ्यांचे पैसे मोबाइलमध्ये. तेव्हापासून दोन हजार रुपये सुट्टे माझ्या पिशवीत असतात.

उंची घरीच मोजा. दाराच्या चौकटीवर खडूनं एक रेघ चार फुटांवर, म्हणजे साधारण 122 सेंटिमीटरवर मारायची. बऱ्याच मोठ्या घसरगुंड्यांना चार फुटांच्या आसपासची अट असते; नेमका आकडा फोनवर विचारून रेघ वर-खाली करा. शिंप्याची टेप पुरते. (अंगणवाडीतलं उंची मोजायचं यंत्र मी घरी आणलेलं नाही, कोणी तक्रार करू नये.) रेघेच्या खाली कोण हे लेकरांना घरीच कळू द्या. आमचा एक भाचा अंगठ्यांवर उभा राहून रेघेला लागला, पार्कात त्या माणसानं टाचा टेकवायला लावल्या. साठ पायऱ्या चढून वर गेलेलं लेकरू रडत रडत साठ पायऱ्या खाली आलं. घरी रडलं असतं तर गुळाच्या खड्यावर भागलं असतं.

कपडे, दागिने

सुती कपड्यांना मनाई करतात तेव्हा आपल्याला वाटतं की कॉस्च्युमचं भाडं काढायला करतात. थोडं तेही असेल. पण सुताचे धागे सुटून पाणी गाळायच्या यंत्रात अडकतात, ओली सुती सलवार अंगाला जड होऊन पाय ओढते, आणि झगा पाण्यात फुगून लेकराच्या तोंडावर येतो, हेही खरंच. नायलॉन किंवा लायक्राचा अंगाबरोबर कपडा हवा. पोरांना गावच्या कबड्डीच्या जर्सी आणि हाफ पँट चालून जातात, त्या पॉलिस्टरच्या असतात. फक्त चेन, बटण, धातूचं बक्कल नको. बायांसाठी आर्वीच्या बाजारातून लांब बाह्यांचा नायलॉनचा कुर्ता आणि लेगिंग घेतली की तीन-चार उन्हाळे चालते. भाड्याच्या कपड्याचे दोन वेळचे पैसे झाले की तेवढ्यात स्वतःचा येतो, आणि दुसऱ्याचा घातलेला ओला कपडा अंगावर घ्यावा लागत नाही.

सोनं घरी. मंगळसूत्रसुद्धा. पहिल्या वर्षी हे बोलायची माझी हिंमत झाली नाही आणि मोठ्या नणंदेची पोत घसरगुंडीच्या सांध्यात अडकून तुटली. मणी पाण्यात वाहून गेले, वाट्या नशिबानं सापडल्या. आता आत्याबाई स्वतःच आदल्या रात्री सगळ्यांची मंगळसूत्रं डब्यात घालून कपाटात ठेवतात आणि काळ्या मण्यांचा साधा दोरा देतात. जोडवीही काढा. पाण्यात बोटं आकसतात, जोडवी सुटतात, नाही सुटली तर दुसऱ्याच्या पायाला लागतात.

चपला मात्र न्या, आणि तळ्याच्या काठापर्यंत घालून जा. मे महिन्यात दुपारी बाराला सिमेंटची फरशी तव्यासारखी तापते. एका वर्षी तिघांच्या तळपायाला फोड आले, ते पाण्यामुळे नाही, पाण्यापर्यंत जायच्या वीस पावलांमुळे.

डबा

आमरस नेऊ नका. एवढं एक वाक्य मी गावातल्या प्रत्येकाला सांगते. दोन वर्षांपूर्वी आत्याबाईंच्या आग्रहाखातर स्टीलच्या डब्यात आमरस नेला. गाडी उन्हात उभी. दोन वाजता डबा उघडला तर झाकण फट्‌ करून उडालं आणि रस आंबून फसफसत होता. गाडीच्या छतावरचा पिवळा डाग अजून आहे.

बंद गाडी म्हणजे भट्टी. त्यात भात, बटाट्याची भाजी, दह्याचं काही टिकत नाही. टिकतं ते हे: दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, कोरडा ठेचा, मुरमुऱ्याचा चिवडा आणि कच्च्या आंब्याचा तक्कू. कांदे सोबत असतातच. टरबूज अख्खं न्यायचं, तिथं कापायचं. गाडीची भट्टी होते त्याच कारणासाठी, झोपलेलं लेकरू किंवा म्हातारं माणूस 'पाच मिनिटं' म्हणून बंद गाडीत कधी ठेवू नका. काचा बोटभर खाली असल्या तरी गाडी तापतेच.

पाण्यात माणसाला तहान कळत नाही. अंग ओलं असतं, घाम दिसत नाही, पण जातो. म्हणून वीस लिटरची थंड पाण्याची कॅन गाडीत, आणि प्रत्येक पाळी बदलली की प्रत्येक लेकराला अर्धा पेला पाणी, तहान असो नसो. ओआरएसची पाकिटं आरोग्य केंद्रातून घेते. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजानं टाकू नका.

तो दिवस

पहाटे पाचला उठा, साडेसहाला गाडी हलली पाहिजे. सतरा माणसं असतील तर दोन गाड्या. एका तुफानमध्ये अठरा कोंबणारे मी पाहिलेत. आणि छोटा हत्ती किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तर बसूच नका. ती मालाची वाहनं, काही झालं तर विम्याचाही वांधा. घरची चार-पाचच माणसं असतील तर एसटी परवडते. बायांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरच्या पुढच्यांना त्याआधीपासूनच फुकट. पार्क हायवेवर असेल तर फाट्यावर उतरवाल का, हे चढतानाच कंडक्टरला विचारा, आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता हेही.

तळेगाव, कारंजा सोडून कोंढाळीला चहा होतो. तिथं लेकरांना तर्रीपोहे देऊ नका, कितीही मागितले तरी. गाडी लागणारं लेकरू पुढे बसवा, पोटात कोरडी दशमी बरी. ड्रायव्हरचा डबा वेगळा बांधा आणि त्याला दुपारी झोपायला सावली बघून द्या. संध्याकाळी सगळे पेंगत असतात, गाडीत जागा एकटा तोच.

दार उघडायच्या पंधरा मिनिटं आधी पोचायचं. आत शिरल्यावर सगळ्यांत आधी एक जागा ठरवायची, एखादं झाड किंवा पाण्याची टाकी. हरवलं तर तिथं. कारण मोबाइल लॉकरमध्ये असतात हे लोक विसरतात. लहान लेकराला आईचं नाव, गावाचं नाव पाठ आहे का ते आदल्या दिवशी तपासा. आमच्या एकाला माइकवाल्यानं विचारलं, "आईचं नाव काय?" तर म्हणे "आई". बाबांचं? "अहो".

पाण्याजवळ गेल्यावर उतरायच्या आधी तळ बघा. तळाची जाळी स्पष्ट दिसत असेल तर ठीक. पाणी दुधाळ दिसलं तर त्या तळ्यात जाऊ नका, पैसे भरले असले तरी. क्लोरीनचा उग्र वास आला की लोक म्हणतात, स्वच्छ आहे. उलट आहे. क्लोरीन घामात आणि लघवीत मिसळला की तो वास जास्त येतो आणि त्यानंच डोळे चुरचुरतात. म्हणून उतरायच्या आधी सगळ्यांनी साध्या पाण्यानं आंघोळ, केसांना तेल नाही, आणि लेकरांना दर अर्ध्या तासानं संडास-बाथरूमकडे. गेल्या पंधरा दिवसांत ज्याला जुलाब झाले, ज्याचा कान वाहतो, ज्याचे डोळे आलेत, त्याला या वर्षी पाण्यात सोडायचं नाही.

मोठ्या घसरगुंड्या सकाळी उरकून घ्या. पायऱ्या तापलेल्या नसतात, रांग कमी असते. बाराला सगळ्यांना बाहेर काढा. सगळ्यांत मोठं भांडण इथंच होतं. "आता तर मजा सुरू झाली, काहून काढून राह्यली वं?" हे मी दर खेपेला ऐकते. पहिल्या खेपेला आम्ही पैसे वसूल करायला दहा ते पाच पाण्यात होतो. चार वाजता मोठे भाऊजी चक्कर येऊन बसले, दोन लेकरांनी उलट्या केल्या, आणि सगळ्यांच्या खांद्यांची कातडी आठवडाभर निघत होती. आता बारा ते साडेतीन बाहेर. जेवण, सावली, चटईवर झोप. खोबरेल तेलानं ऊन अडत नाही. तीस एसपीएफच्या वरचं सनस्क्रीन उतरायच्या वीस मिनिटं आधी, आणि साडेतीनला पुन्हा. ज्याचं अंग तापलंय आणि जो असंबद्ध बोलतोय, त्याला खेळवत बसू नका. सावली, ओला दुपट्टा, वारा, आणि सरळ दवाखाना. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

साडेतीन ते पाच दुसरी डुबकी. तेव्हा फक्त उथळ पाणी आणि रेन डान्स, कारण मोठी माणसं दमलेली असतात आणि कोरड्या माणसाचा डोळा लागायला लागतो. पाचला शेवटची मोजणी, मग साध्या पाण्यानं आंघोळ, कोरडे कपडे. गाडीत बसल्यावर पुन्हा मोजा. मागच्या वर्षी दहाच भरली. मी उतरून धावत सुटणार तेवढ्यात अकरावा सीटखाली चपलांवर झोपलेला सापडला.

दुसऱ्या दिवशी कान दुखला तर गरम तेल घालू नका, दाखवून घ्या. नायलॉनचे कपडे दोन पाण्यांतून काढून सावलीत वाळवा. आणि ओल्या कपड्यांचं पोतं त्याच रात्री गाडीतून उतरवा. आमचं एकदा राहिलं. गाडीवाल्यानं तीन दिवसांनी, एक अख्खं वऱ्हाड सोडून आल्यावर, ते हात लांब धरून अंगणात आणून ठेवलं आणि चहाला न थांबता गेला.